बाहेरून कुलूप

४ फेब्रुवारी

काल सकाळी एका कुलपासमोर उकिडवा बसलो आणि ते न उघडता परत आलो.

मामाच्या घराची झडती होती. मामा म्हणजे कुणाचा मामा नव्हे; अख्ख्या शहराला मामा बनवतो म्हणून मामा. कागदोपत्री तो गेल्या वर्षापासून फरार आहे. झडतीत बंद खोली निघाली तर उघडायला मला नेतात. माझं किल्ल्यांचं दुकान पोलीस चौकीच्या समोरच, म्हणून.

वरच्या मजल्यावर मागच्या खोलीला बाहेरून कुलूप. आत पंखा फिरत होता. आतच कुणीतरी घसा खाकरला. मामाची बायको – तिला सगळे मामीच म्हणतात – शांतपणे म्हणाली, "बाहेरून कुलूप आहे, आत कोण असणार?" फौजदारांनी मान डोलावली, जसं काही गणिताचं उत्तर जुळलं. मी कुलपात तार घातली. लगेच खांद्यावर हात.

"मिस्त्री, जुनं दिसतंय. उघडत नाही ना?"

मी गप्प. त्यांनी हवालदाराला सांगितलं, "लिही. मिस्त्रीच्या म्हणण्यानुसार कुलूप उघडत नाही."

मी म्हणालोच नव्हतो!

खाली सगळ्यांना चहा होता. मी घेतला नाही. माझं शौर्य एवढंच.

५ फेब्रुवारी

फरार मामा आज शेजारच्या सलूनमध्ये दाढी करून घेत होता. बाजूच्या खुर्चीत हवालदार. एकच वर्तमानपत्र दोघांनी अर्धं-अर्धं वाचलं.

८ फेब्रुवारी

मला वाटायचं, असली माणसं लपतात. वेष पालटतात, रात्रीतून गाव बदलतात. छे. लपावं लागतं ते गरिबाला. मामाकडे जीपच्या आधी फोन पोचतो. वॉरंटवर बापाचं नाव चुकतं, मग ते दुरुस्तीला जातं. फारच झालं तर मामाच्या छातीत दुखतं. चौकीतला कूलर त्यानेच दिलेला. त्याच्याविरुद्धची तक्रारसुद्धा त्याच्याच गारव्यात बसून लिहून घेतात.

गावच्या शाळेत गुरुजी हजेरी घ्यायचे तेव्हा आम्ही न आलेल्या मित्राच्या नावाने 'हजर' ओरडायचो. इथे उलटं. माणूस हजर, आणि सगळे मिळून त्याला गैरहजर म्हणतात.

आणि गंमत अशी की सबंध खोटं कुणीच बोलत नाही. मामी म्हणते कुलूप आहे – आहेच. फौजदार म्हणतात जुनं आहे – आहेच. मी गप्प. सगळ्यांचं मिळून एक खोटं तयार होतं, पण ते वाट्याला कुणाच्याच येत नाही.

या खेपेला मात्र माझ्या वाट्याला आलं. 'मिस्त्रीच्या म्हणण्यानुसार.'

११ फेब्रुवारी

मागच्या गल्लीतल्या शिवणकामवाल्या ताई दुकानात आल्या. यांचा नवरा गोदामाचा पहारेकरी होता. मामाच्या माणसांनी फाटक उघड म्हटलं, त्याने उघडलं नाही. तिथेच त्याला मारून टाकलं. साक्षीदार एकेक करून गळाले. बाई एकट्या कोर्टात जातात, येतात, पुन्हा मशीनवर बसतात.

"भाऊ, तुम्हाला ते कुलूप उघडता आलं नाही?"

"कोण म्हणालं?"

"कोर्टात वाचून दाखवलं."

मी कानस उचलली, ठेवली.

"माझ्या लेकीनं लहानपणी आतून दार लावून घेतलं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही आलात आणि तिचं रडं थांबायच्या आत दार उघडलंत. म्हणून विचारलं."

टोमणा असता तर परवडला असता. टोमणा नव्हता.

कोर्टाने आता शेवटच्या झडतीचा हुकूम दिला आहे. बाहेरगावचा एक कोर्टाचा अधिकारी सोबत असणार. या वेळीही मामा मिळाला नाही, तर मिळेपर्यंत खटला बाजूला ठेवणार. म्हणजे कायमचा.

१२ फेब्रुवारी

हिला सांगितलं. ही म्हणाली, "हात दुखतोय म्हणा. तसाही दुखतोच की."

"तेवढा नाही दुखत."

"अहो, दुकान उठवतील. मग काय देव चालवणार आहे घर?"

"आजवर कोण चालवत होतं?"

हिने पातेल्यावर झाकण आपटलं. माझं उत्तर बरोबर होतं, पण हिचं भयही बरोबरच आहे.

१४ फेब्रुवारी

हवालदार आला. मोटारसायकलची दुसरी किल्ली हवी म्हणाला. किल्ली हे निमित्त.

"मिस्त्री, तुमच्या हाताला कंप सुटलाय म्हणे."

"कुणाच्या?"

"तुमच्या. झडतीच्या दिवशी जास्त सुटेल बहुतेक."

मी हात त्याच्या नाकासमोर धरला. बोटं सरळ. पान हलेल, ती हलणार नाहीत.

तो हसला. "कशाला शहाणपणा करताय? मामा काय पळून चाललाय? तो म्हणतो, मी माझ्या घरातून का जाऊ?"

"बरोबर आहे त्याचं. मग मी तरी माझ्या दुकानातून का जाऊ?"

"दुकान कुणाच्या मेहेरबानीवर आहे, विसरलात?"

"नाही विसरलो," मी म्हणालो आणि वर बोट केलं. त्याने वर पत्र्याकडे पाहिलं. त्याला काही कळलं नाही.

१५ फेब्रुवारी

आज प्रार्थनेत काही मागितलं नाही. नुसतं सांगितलं.

१६ फेब्रुवारी

उद्या सकाळी झडती. फौजदार दुसरा मिस्त्री नेणार होते. कोर्टाचा अधिकारी म्हणाला, मागच्या वेळी ज्याला उघडता आलं नाही त्यालाच आणा, मला पाहायचंय.

भीती वाटतेय. ती लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कधी मी स्वतःला धीट म्हणवून घेणार नाही. पण माझ्या तोंडी न विचारता घातलेला शब्द मला परत करायचाय. चोरीचा माल म्हणा हवं तर. ज्याचा त्याला परत गेला पाहिजे.

१७ फेब्रुवारी

कोर्टाचा अधिकारी माझ्या पाठीशी उभा होता. फौजदार म्हणाले, "मिस्त्री, कुलूप जुनं आहे बरं का."

"जुनं आहे साहेब. पण उघडतं."

उघडलं. दार ढकललं. मामा दाराकडे पाठ करून पलंगावर बसला होता. टीव्ही चालू, आवाज बंद.

"गेले का ते?" त्याने मागे न बघताच विचारलं.

"नाही मामा," मी म्हणालो. "आलेत."