शेवटचा पोचला का?

तीर्थस्वरूप काका,

साष्टांग नमस्कार. (गाडीच्या मागच्या सीटवर दुमडून बसलोय, तेव्हा नमस्कार वाकूनच आहे असं समजा.) गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं होतंय, की बाल्कनीपर्यंत जाऊन परत?

तुम्ही चारचौघांत सांगता की पुतण्या एवढी मोठी सायकल शर्यत डोळ्यांनी बघतो. काका, मी काहीही बघत नाही. सकाळी सायकली सुटल्या की आम्हा वार्ताहरांना गाडीत कोंबून दुसऱ्याच रस्त्याने पुढे पळवतात. मध्ये कुठे उभं राहिलंच, तर मी चष्मा पुसेपर्यंत सगळी शर्यत नाकासमोरून निघून गेलेली असते. म्हणून मी टीव्हीसमोर बसलेल्या काकूला फोन करतो. "हिरव्या शर्टवाल्याचं आज काही खरं नाही रे," असं ती म्हणाली, की मी लिहितो, 'हिरव्या जर्सीला थकवा जाणवू लागला.' संपादकसाहेब खूश.

बदल्यात तिला एकच खबर हवी असते. पहिला आला की टीव्हीवाले जाहिराती लावतात. मग शेवटच्याचं काय झालं? पडल्यापासून कोपराला पट्टी बांधून रोज शेवटी येणारा तो पोरगा तिचा लाडका. ठरल्या वेळेत आला नाही, तर शर्यतीतून बाद. त्यामुळे मी अंतिम रेषेपाशी थांबतो, 'पोचला' म्हणून कळवतो, आणि मगच ती जेवते (आणि तुम्हालाही मिळतं).

आज घाट होता. ठरलेली वेळ टळून गेली. कमान उतरवली, कठडे ट्रकमध्ये चढले, तरी मी हललो नाही. खरं सांगतो, माझाच जीव टांगणीला लागला होता. आणि तो आला. रेषा शोधून तिच्यावरून गेला. मी एकट्यानेच टाळ्या वाजवल्या, आणि डोळे भरून आले. तेवढ्यात काकूचा फोन. "पोचला का रे?" मी म्हटलं, "पोचला." ती इतकी सुखावली, की पुढचं माझ्याने सांगवलं नाही.

काकूला नमस्कार सांगा, बाकी काही इतक्यात नको.

तुमचा,
धाकटा पुतण्या

ता. क. उद्या तो शर्यतीत नसेल. तिला तुम्हीच सांगा, पण जेवण झाल्यावर. (फोन केला तर तीच उचलते, म्हणून हे पत्र तुमच्या मोबाइलवर पाठवतोय. चष्मा लावा.)

ता. क. दुसरा. मात्र सांगण्याआधी सहज विचारून मला कळवा, की आजचा पहिला घाटात नेमका कुठे पुढे सुटला. नंतर ती बोलायच्या अवस्थेत नसेल. साहेब बातमीसाठी खोळंबलेत, आणि माझ्या बातमीत अजून फक्त शेवटचाच आलाय.