चौथ्या नंबरचा माणूस

बालक्लूथा, १४ ऑगस्ट १९११

प्रिय एफी,

तुझ्या वडिलांना पुरलं त्या दिवशी मी तुमच्या फाटकापर्यंत आलो आणि तसाच परत फिरलो. तू खिडकीतून पाहिलंस, हे मला ठाऊक आहे. मेंढ्या व्यायला लागल्या आहेत, हे न लिहिण्याचं कारण सांगता येईल. पण ते खरं नाही.

आपल्या स्वयंसेवक घोडेस्वारांच्या तुकडीचा इतिहास छापायचं ठरलंय. शाळामास्तर पेट्री लिहितायत. परवा त्यांनी तुझ्या भावाचं, डूगलचं पान माझ्यापुढे ठेवलं. ‘टेकडी चढताना, सर्वांच्या पुढे असताना पडला.’ वाक्य माझंच. अकरा वर्षांपूर्वी आफ्रिकेतून तुझ्या वडिलांना मीच ते लिहिलं होतं. चर्चमधल्या पाटीवरही तेच कोरलंय.

आम्ही जायचो घोड्यावरून, पण लढायचो पायउतार होऊन. म्हणून आधी रांगेत एक, दोन, तीन, चार अशी मोजणी व्हायची. चौथ्यानं मागे राहून चौघांचे घोडे धरायचे. त्या आठवड्यात सलग तीन दिवस चार नंबर माझ्यावर आला. “काय दाईबाई, पोरं निजली का?” असं आमच्यातला मकाय ओरडला की सगळी रांग हसायची. चौथ्या दिवशी पुन्हा चारच. शेजारी तुझा भाऊ होता. मी त्याला हळूच म्हटलं, “आज तू थांब ना.” तो म्हणाला, “जा बाबा, मिरव एकदाचा. पण तुझी ती चावरी घोडी मला चावली, तर घरी गेल्यावर एक मेंढा घेईन तुझ्याकडून.”

आम्ही तिघं टेकडी चढलो, तर वर कोणीच नव्हतं. शत्रूचे बोअर सैनिक वळसा घालून मागच्या ओढ्यात उतरले होते आणि तिथून घोड्यांवर गोळ्या झाडत होते. चार लगाम हातात असलेल्या माणसाला बंदूक उचलता येत नाही. लगाम सोडले असते तर डूगल दगडाआड आडवा झाला असता, आणि आम्ही तिघं पायी सापडलो असतो. आम्ही धावत खाली आलो तेव्हा तो बसलेला होता, गेलेला. लगाम मनगटाला गुंडाळलेले. त्याचा घोडा पडला होता, आमचे तिन्ही उभे होते. डूगलच्या बाहीवर माझ्या घोडीच्या दातांची खूण होती.

घोडे धरताना मेला, असं लिहिलं असतं तर वडिलांनी विचारलं असतं, तो मागे का होता? म्हणून मी त्याला टेकडीवर चढवलं. पुढे दरवर्षी त्या तारखेला ते मला चहाला बोलवायचे आणि म्हणायचे, “सांग रे, कसा चढला माझा मुलगा?” मी सांगायचो. दरवर्षी चढण जरा जास्त खडी व्हायची.

पेट्री शुक्रवारी कागद छापखान्यात देणार आहेत. चौथा नंबर लॅकलन मन्रोचा होता, असं मी लिहून ठेवलंय. पण ते तू छापील पुस्तकात वाचू नयेस, म्हणून हे पत्र. पाटीचं काय करायचं ते तू ठरव. मागच्या जत्रेहून येताना तू विचारलंस, मनात काय धरून बसलायस? मला तुला मागणी घालायची होती, एफी. डूगलच्या जागी जगत असताना ती घालवेना. रविवारी प्रार्थनेनंतर मी फाटकाशी उभा राहीन. या वेळी तू सांगितल्याशिवाय परत फिरणार नाही.

तू अजून म्हणू देशील तर तुझाच,
लॅकलन