फळीवरचा चिनी डबा

मंगळवार, कार्ले. दिवेलागणीची वेळ.

आत्ताच लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

आज विद्यापीठात ‘चीन आणि जग’च्या तासाला मॅडमनी चीनमधून देशोदेशी जाणाऱ्या वस्तू पडद्यावर दाखवल्या. त्यात आमचाच डबा! बुद्धमूर्तीशेजारचा, कमळाच्या आकाराचा, मंत्र म्हणणारा. पप्पांनी लोणावळ्यातून आणलेला. मॅडम म्हणाल्या, तिकडे माणूस गेलं की काहीजण हा एकोणपन्नास दिवस अखंड चालू ठेवतात. तोवर गेलेल्याला पुढची वाट सापडते, मग बंद करतात.

अंगावर काटाच आला. पप्पा गेल्यापासून आईने डबा बंद करू दिलेला नाही. तिला हे कोणी सांगितलं?

घरी आले तर घर एकदम गप्प. आई म्हणाली, “दुपारीच थांबला बग. लाइट हाय, तरी.”

स्टुलावर चढून पाहिलं. बिघडला नव्हता. बटण बंद केलेलं होतं.

“तू केलंस?”

“म्या न्हाई. माजा हात तरी पुरतो का तितं?”

खरंच. फळी पप्पांनी स्वतःच्या उंचीला ठोकलेली. गुडघ्यांमुळे आई स्टुलावर चढत नाही. घरात तिसरं कोणी नाही. कॅलेंडरवर दिवस मोजले. पुन्हा मोजले. एकोणपन्नास.

“लाव की परत,” आई खालून म्हणाली.

बोट बटणावरच होतं. लावला, तर पप्पा अर्ध्या वाटेतून मागे फिरतील? मला तेच तर हवं होतं. आणि तरी मी म्हटलं, “बिघडलाय गं.”