टाकीवरचा अनुस्वार

पिंपरी, ता. ४ डिसेंबर १९५७
आज अब्रू गेली. आमच्या औषध-कारखान्यातल्या पाणी-खात्याचे केमिस्ट सबनीससाहेब जाता जाता बोलले, टाकीवर खडूनं लिही, 'आयन काढलेले पाणी. पिऊ नये.' आपण चौथी नापास. ऐकलं तसं लिहिलं. 'आयनं काढलेलं पाणी. पिऊ नये.' सगळी पाळी जमली. तुकाराम म्हणतो, "कुणाच्या आयनं काढलं राव? तुझ्या? मग पितो की!" हसून हसून खाली बसला. माझ्याच खोलीत राहतो हा. माझी आय मेली हे त्याला सांगितलेलं आहे. तरी.
अनुस्वार पुसला. नाव पडलं ते पडलंच. आयन्या.

ता. ६
साहेबांनी बोलावलं. रागावले नाहीत. मीठ पाण्यात विरघळलं की कण सुटे होतात. एकाचं काहीतरी गेलेलं, दुसऱ्याकडं ते जादा. त्यांना आयन म्हणायचं. औषधाच्या पाण्यात चालत नाहीत. शब्द ग्रीक, अर्थ 'जाणारा'. मग म्हणाले, त्यांच्या पुराणात आयन नावाचा पोरगा पण आहे. आईनं टोपलीत घालून गुहेत सोडला. देवळात वाढला, देऊळ झाडायचा. पुढं ती राणी होऊन तिथंच आली, ओळख पटेना, एकमेकांच्या जिवावर...
मी मध्येच उठलो. व्हॉल्व्ह बघून येतो म्हणालो.
माणदेशात आमच्या गावी मामा गुरव. देऊळ मीच झाडायचो. आय मला तिथं ठेवून दुसऱ्या घरी नांदायला गेली. मेली म्हणून सांगणं सोपं पडतं.

ता. ११
दुपारी तुकाराम ओरडत आला, "आयन्या, गेटवर तुझी आय आलीया!" सगळे हसले. थट्टाच वाटली. मी पण तोंड सोडलं, "तिला म्हणावं, तू मागंच मेलीस." टाळ्या पडल्या. बरं वाटलं तेव्हा.
सुटल्यावर गेटवरचे दगडूनाना म्हणाले, "आरं, खरंच बाई बसली व्हती. माणदेशाकडची. तुक्या सांगून गेला, त्याची आय मेलीया म्हनतो. तशी उठली."
"रडली?"
"न्हाई. पानी मागितलं. पिली, गेली टेसनाकडं."
धावत गेलो. फलाट रिकामा.

ता. १२
जेवताना तुकाराम मान खाली घालून, "भावा, कोण होती रे ती? तू तर मेली म्हणतोस."
म्हणालो, चुकली असंल कुणीतरी.
उरलेली भाकरी फडक्यात बांधली.

ता. १५
साहेबांना विचारलं, त्या पोरानं शेवटी ओळखलं का? म्हणाले, हो, ती जुनी टोपली बघून. आमच्यात टोपली कुठली.
सुटल्यावर नानांना गाठलं. ती बाई परत आली तर बसवून ठेवा, म्हणालो. मला हाक मारा, दुसऱ्या कुणाला पाठवू नका.
"ठेवतो की. कोन लागती तुझी?"
मागं पाळीचे सगळे लायनीत. तुकाराम पण.
म्हणालो, "गावची हाय."