वन बाय टू सूप

बुधवार, संध्याकाळ

राजारामपुरीतल्या आमच्या त्या चायनीजमध्ये आज दादा दिसला. घराच्या वाटण्या झाल्यापासून आम्ही बोलत नाही. तो रविवारी जातो, मी बुधवारी. मग आज कसा काय?

मी शेजारच्या, चिकटून लावलेल्या टेबलावर बसलो. मालकाला कुठलं काय माहीत. "वन बाय टूच की, पावणं?" म्हणाला आणि पूर्वीसारखंच एक सूप दोन वाट्यांत ओतून दोघांपुढं ठेवलं. नको कुणीच म्हणालं नाही.

दादाला मशरूम अजिबात चालत नाही. इथं आलो की निवडून माझ्या वाटीत टाकायचा. आज मी माझी वाटी त्याच्याकडं सरकवली का? सरकवली बहुतेक.

त्यानं माझ्याकडं बघत स्वतःच्या वाटीतलं एकेक मशरूम चावून खाल्लं.