झारचं सैन्य कंदाहारला पोचलंच नाही

अण्णा, त्या नाटकाबद्दल आपण दोघं पुन्हा कधीच बोललो नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी विषय निघाला की माझं डोकं तापतं, म्हणून एकदा लिहूनच काढते.

एकाहत्तरच्या लढाईत आपल्या पिंपरीच्या क्वार्टरच्या खिडक्यांना काळा कागद लावला होता, तेव्हा तुम्हाला ते सुचलं. एकोणिसाव्या शतकात रशियाचा झार आणि इंग्रज हिंदुस्थानासाठी खरोखरच एकमेकांवर तुटून पडले असते तर? झारचं सैन्य अफगाणिस्तानातून खाली येतं, इंग्रज चाकणच्या आसपासच्या गावांतून माणसं उचलतात, आणि निघोज्यातली एक बाई नवऱ्याची वाट बघत बसते. तुमच्या कंपनीच्या स्नेहसंमेलनात हे नाटक करायचं ठरलं. ती बाई मी होते. कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं आणि आपल्याला काहीतरी चांगलं जमतंय, असं मला पहिल्यांदाच वाटत होतं. आपल्याकडे दूध घालणाऱ्या निघोज्याच्या मावशींकडून मी नऊवारी मागून आणली, बोलणंही शिकले. "नाही न्हवं पोरी, न्हाई म्हन," असं त्या दारातच घोटवून घ्यायच्या.

पण तुम्ही पडलात प्लॅनिंग खात्यातले. माल कुठून येणार, कोणत्या मशीनवर चढणार, हे कळल्याशिवाय तुम्ही कागदावर सही करत नसा. नाटकाचंही तसंच झालं. पुण्याच्या ग्रंथालयातलं जाडजूड पुस्तक काखेत मारून तुम्ही तालमीला यायचात. एके दिवशी म्हणालात, सरहद्दीवर एकदा तशी वेळ आली होती, पण दोघांनी नकाशावर रेघ ओढून मिटवलं. समुद्र हातात असताना इंग्रज डोंगरात कशाला लढतील? आठवड्याभरात झार गेला, फ्रेंच आले, आणि माझा नवरा कंदाहारऐवजी ब्रह्मदेशाच्या सीमेवर मेला. मी सगळं नव्याने पाठ केलं. मग फ्रेंचांचंही जमेना, पुन्हा झार. इंग्रज कॅप्टनचं काम करणाऱ्या पेंट शॉपच्या सुपरवायझरांनी भूमिकेसाठी मिशी उतरवली होती. शेवटी वैतागून ते म्हणाले, "अहो राव, पडदा उघडल्यावर कोण विचारतंय युद्ध कसं लागलं म्हणून?"

"मी विचारतो," तुम्ही म्हणालात.

संमेलन अगदी तोंडावर आलंय. स्वयंपाकघरात मी आईला पोळ्या लाटून देतेय, तुम्ही पाटावर जेवताय. मान वर न करता सांगता, "नाटक रद्द केलंय. हे युद्ध लागूच शकत नाही."

"त्या बाईला कुठं ठाऊक असतं ते का लागलं, अण्णा? नवरा परत आला नाही, एवढंच तिला माहीत."

"तिला नसेल. लिहिणाऱ्याला असावं लागतं."

"मग तिचा शेवटचा प्रवेश तरी करू दे. नुसता तेवढाच."

"तू काम करतेस, तेवढं कर. लिहिण्यातलं तुला कळत नाही."

आई म्हणाली, "अहो, पोरीनं किती मेहनत घेतलीय." तुम्ही ताक मागितलंत.

नाटकाऐवजी ऑर्केस्ट्रा झाला. मी गेले नाही. पुढे लग्न होऊन नगरला आले, नोकरी, मुलं, आणि स्टेजवर पाय ठेवायचं राहूनच गेलं. माझं काम तुम्हाला आवडत होतं, हे मला दिसायचं. शेवटच्या प्रवेशाच्या वेळी तुम्ही खिडकीकडे तोंड करून उभे राहायचात. तरीही कुठल्याशा झारापुढे लेकीचं काही चाललं नाही, ते मला अजून पचत नाही.

गेल्या महिन्यात इथल्या महिला मंडळात मी तो प्रवेश आठवला तसा करून दाखवला. बायकांतल्या एकीनं डोळे पुसले. बघा अण्णा, असं मनात म्हणतच होते, तोवर बँकेतून निवृत्त झालेल्या शेजारीणबाई म्हणाल्या, "फार छान झालं हो. पण रशिया आणि इंग्रज असे इकडे लढले होते का?"

"नाही."

"मग हे युद्ध लागलं कसं?"

"त्याला काही महत्त्व नाही," मी म्हटलं, आणि ते इतकं तुटक निघालं की त्या बिचाऱ्या चहाच्या टेबलाकडे वळल्या.

हे मी कुठे पाठवणार आहे! कपाटात राहील. पण परवा दुपारभर, हेरातहून कंदाहारपर्यंत तोफा ओढायला किती बैल लागले असते, ते मी शोधत बसले होते. घरात कुणाला सांगितलेलं नाही.