कू. ब.

प्रिय ताई,

आधी तुझ्या गुडघ्याची चौकशी करायला हवी, पण आज ते जमणार नाही. वायरमनच्या पाठीला भोक पडलंय. जखम म्हणाले असते, पण ते भोकच आहे, माकडहाडाच्या जरा वर, माझी दोन बोटं आत जातील एवढं. सोमवारी ड्रेसिंग चालू असताना पडदा अर्धवट सरकला आणि मला ते दिसलं. आज शनिवार. अजून कात्री हातात धरवत नाही. दुकान बंद करून आत बसलेय आणि लिहितेय, कारण फोनवर मला रडू येईल आणि तू मध्येच बोलायला लागशील.

शाळेच्या सभागृहात पंखा लावताना तो शिडीवरून पडला, त्याला सव्वीस दिवस झाले. ऑपरेशन नीट झालं हे तुला कळवलंच होतं. छातीखाली त्याला काही कळत नाही. त्याचं स्वतःचं निदान असं, की मेन लाइन शाबूत आहे, फक्त खालच्या मजल्याचा फ्यूज उडालाय. वॉर्डातल्या सगळ्यांना तो हे ऐकवतो. पाठीत एवढं भोक पडेपर्यंत त्याला पत्ता नव्हता गं! रोज मी विचारायची, दुखतंय का? तो म्हणायचा, छे, एकदम मस्त. आणि मी बावळट खूश होऊन घरी यायची.

त्याला स्वतःहून वळता येत नाही आणि एकाच जागी दाब पडून कातडी सडते, म्हणून दर दोन तासांनी दोघी-तिघींनी मिळून त्याची कूस बदलायची असते. हे तुला मी काय सांगू! खाटेच्या पायाशी कागद लटकवलेला असतो. त्यावर दहा, बारा, दोन, चार अशा वेळा, प्रत्येकीपुढे ‘कू. ब.’ आणि सही. कूस बदलली. पहिल्या दिवशी ती दोन अक्षरं पाहून मला भरून आलं होतं. हे तुझं लघुलेखन, सबंध हॉस्पिटलला तू लावलेलं. निवृत्त होऊन तू मुलाकडे गेलीस, तरी आपलं माणूस इथे आहे असं वाटलं.

सोमवारी मी इन्चार्ज सिस्टरकडे धावले. तिने शांतपणे पहिल्या दिवसापासूनचे कागद माझ्यासमोर ठेवले. एक रकाना रिकामा नाही. म्हणाली, “बाई, तुमच्या मिस्टरांचं आम्ही तर काही कमी केलं नाही. काहींची कातडीच नाजूक असते.” आणि ताई, मी तिची माफी मागून बाहेर आले.

पण मी शिंपीण आहे. कापड सरकलं की नाही हे मला खडूच्या रेघेवरून कळतं. बुधवारी सकाळी दहाच्या भेटीला गेले तेव्हा पर्समध्ये निळा खडू होता. त्याच्या खांद्याच्या आणि कमरेच्या कडेने चादरीवर बारीक रेघ मारली, बाहीचा घेर आखतात तशी. तो म्हणाला, “माप घेतेस? कोट शिवणार की काय?” मी म्हटलं, गप्प पड. चार वाजता परत गेले. खांदा रेघेवर. कंबर रेघेवर. खडू जरासुद्धा पुसलेला नाही. कागद उचलून पाहिला तर बाराची कू. ब., दोनची कू. ब., चारची. आणि सहाची. आणि आठचीसुद्धा! एकाच पेनाने, एकाच दमात. घड्याळात चार वाजून पाच मिनिटं झाली होती. मी मोठ्याने हसले, ताई. एवढा धक्का बसला की हसूच आलं. शेजारच्या खाटेवरचे आजोबा घाबरून उठून बसले.

फोटो काढून मोठ्या डॉक्टरांकडे गेले. चादर खराब केली म्हणून आधी मलाच झापलं. मग म्हणाले, एखाद्या नव्या मुलीकडून एखाद्या दिवशी चूक होते, तिला समज देऊ. मला त्या पोरीला समज नकोय. मला तो मागच्या इमारतीतल्या मणक्याच्या वॉर्डात हवाय, जिथे वेगळी गादी आहे आणि वळवायला माणसं आहेत. तिथे खाटा मोजक्या. त्याला तिथे न्यायचं की नाही हे समिती गुरुवारी ठरवणार, आणि समितीपुढे जाणार ते हेच सव्वीस दिवसांचे कागद. इथे काळजी उत्तम चालली आहे असं ते ओरडून सांगतात. जखम हाडाला टेकली तर तो वाचणार नाही, हे ड्रेसिंगवाल्याने मला जिन्यात सांगितलं.

घरी आले आणि मला तुझा निरोपसमारंभ आठवला. तू माइक हातात घेऊन किस्से सांगत होतीस. “दुपारच्या चहाआधी आम्ही रात्री आठपर्यंतच्या कुशी बदलून टाकायचो. पेशंट जागचा हलायचा नाही, पण कागदावर नुसता गिरक्या घ्यायचा!” काय हसलो होतो आपण. ही इन्चार्ज पहिल्या रांगेत होती, टाळ्या वाजवत. सगळ्यात मोठ्याने हसला होता वायरमन.

मी तुझ्यावर चिडलेय का, मला कळत नाही. खूप चिडलेय बहुतेक. तुम्ही चाळीस खाटांना दोघी होतात, हेही मला माहीत आहे. तेच तू समितीला सांग. ही एका मुलीची एका दिवसाची चूक नाही, कागद असेच भरले जातात, तूही भरलेस आणि पुढच्यांना शिकवलंस, हे तुझ्या तोंडून आलं तरच ते सव्वीस कागद खोटे ठरतील. माझ्या खडूला तिथे कोणी विचारत नाही. गुरुवारी अकरा वाजता, तळमजल्यावर, नोंदणीच्या खिडकीशेजारची खोली. तो किस्सा वायरमन विसरलाय. काल मला म्हणाला, “ताईंना कळवलंस का? त्या इथे वॉर्डात असत्या तर माझे असे हाल झाले नसते.” मी हो म्हटलं.

वाट पाहणारी, तुझीच
टाचणी